बेटावरून आलेलं दावं

रंभाजीचं नाव निघालं की आजही माझ्या पोटात बारीक कळ येते. ती कौतुकाची नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे गुरुजी मोठ्या मनाने एका साध्या माणसाची आठवण लिहायला बसलेत असं कुणाला वाटायला नको. मन मोठं असतं तर लिहिण्यासारखं काही घडलंच नसतं.

घोडेगावपासून चार मैलांवरच्या आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा होती आणि तिथे मी भूगोल शिकवायचो. एकाहत्तर साली मला शिकवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती. फळ्यावर ज्वालामुखी काढावा तर मीच, असं आजूबाजूच्या शाळांतले मास्तरही म्हणायचे. डोंगराच्या पोटातला लाव्हा लाल खडूने, वरचा धूर पांढऱ्या खडूने, आणि तो धूर बोटाने जरासा पुसायचा, म्हणजे खरोखर हवेत विरतोय असं दिसे. जपान, इटली, हवाई, सगळं तोंडपाठ. समुद्र मात्र मी पाहिलेला नव्हता. नगर पाहिलं होतं, ट्रेनिंगच्या निमित्ताने पुणे पाहिलं होतं आणि एका लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर जामखेडला जाऊन आलो होतो. जामखेडला समुद्र नाही.

रंभाजी माझ्या वर्गातला. तिसरीपर्यंत आम्ही एकाच बसकरावर बसलो. मग बापाने त्याला शेरडांमागे धाडलं आणि त्याची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे मी मास्तर झालो आणि तो घोडेगावच्या बाजारात शेळ्यांचा दलाल झाला. उंच, सुकलेला, डोक्याला मळका पटका आणि खांद्यावर कायम एक दावं. एकट्यात तरी त्याने मला नावाने हाक मारायला हरकत नव्हती, पण तो 'गुरुजी'च म्हणायचा. मला ते बरं वाटायचं. तो 'गुरुजी' म्हणायचा आणि मी त्याला 'रंभा' म्हणायचो, हे मला योग्यच वाटत होतं.

बाजारात मात्र गोष्ट उलटी होती. शेळीचा ओठ वर करून तो दात बघायचा आणि वय सांगायचा. डोळे मिटून पोटावरून हात फिरवायचा आणि कितवा महिना ते सांगायचा. श्रीगोंद्याकडून आलेलं गिऱ्हाईक शेळीकडे न बघता "रंभाजी काय म्हनतोय?" एवढंच विचारायचं. त्याच्याकडे कागद नव्हता, सही नव्हती, नुसता शब्द होता. दलाल तेवढ्यावरच बाजारात उभा असतो.

त्या बाजाराच्या दोन रीती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिली म्हणजे बोली तोंडाने होत नाही. दोघांनी हातात हात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, शेजारच्यालाही पत्ता लागत नाही. दुसरी दाव्याची. जनावर विकलं की जनावर द्यायचं, दावं द्यायचं नाही. दाव्याबरोबर घरची बरकत जाते असं आमच्याकडे मानतात, म्हणून घेणाऱ्याने आपलं दावं घेऊन यायचं. मी विज्ञानाचाही तास घ्यायचो, पण माझ्या बायकोने, भागिरथीने, शेळी विकली तेव्हा तिच्या गळ्यातलं दावं सोडून घरात आणणारा मीच होतो.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर शाळेपुढे एक जीप थांबली. आतून मद्रासकडचे एक डॉक्टर उतरले. माणसांचे नव्हे, प्राण्यांचे. सरकारच्या पुण्यातल्या कुठल्याशा खात्यात रानटी जनावरांचा अभ्यास करणारे. हिंदी मोडकं, इंग्रजी भरधाव. हेडमास्तर उत्तमराव यांनी मला पुढे केलं, कारण शाळेत इंग्रजी समजणारा मी एकटा होतो. डॉक्टर म्हणाले, अंदमानच्या पूर्वेला बॅरन नावाचं बेट आहे. बेट कसलं, समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीच. माणूस राहत नाही. तिथे पक्षी आहेत, वटवाघळं आहेत, आणि फार वर्षांपूर्वी कुठल्या जहाजाने सोडलेल्या शेळ्यांचे कळप आहेत. त्या काय पितात, कशा जगतात, हे पाहायला फेब्रुवारीत एक तुकडी निघणार होती. त्यांना रानटी शेळी न दुखावता धरणारा माणूस हवा होता, आणि घोडेगावच्या बाजाराचं नाव ऐकून ते आले होते.

मी उठलो, भिंतीवरच्या नकाशाकडे गेलो आणि न शोधता बोट ठेवलं. "बारा अंश उत्तर, चौऱ्याण्णव अंश पूर्व."

"वा, मास्टरजी," डॉक्टर म्हणाले.

तो 'वा' मी आठवडाभर जपला. शेळ्या धरायला कुणीतरी लागेल हे खरं, पण नोंदी ठेवायला शिकलेला माणूस लागणारच, असं मी मनात ठरवून टाकलं. भागिरथीला सदऱ्याची कॉलर उलटून शिवायला सांगितली. डॉक्टरांना बाजारात रंभाजीकडे मीच नेलं. पाहुण्याला गावचं देऊळ दाखवावं तसं मी त्यांना रंभाजी दाखवायला नेलं होतं.

बाजारात त्या वेळी एक दांडगी शेळी सुटली होती आणि दहा माणसं तिच्यामागे धावत होती. रंभाजी धावला नाही. तो तिच्याकडे पाठ करून खाली बसला आणि जिभेने टक् टक् असा बारीक आवाज करत राहिला. शेळी थांबली, जवळ आली, त्याचा खांदा हुंगू लागली. त्याने मागे न बघता हात नेऊन तिला धरलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते सरळ त्याच्यासमोर जाऊन उकिडवे बसले.

मी दुभाषा झालो. सगळं ऐकून रंभाजीने मला विचारलं, "गुरुजी, लई लांब हाय का?"

"लांब आहे," मी म्हणालो. "आगीचा डोंगर आहे. परत येशीलच असं काही सांगता येत नाही."

"तुमी येनार हाय ना?"

"मला कुणी विचारलेलं नाही."

"मंग मी इचारतो." आणि माझ्यादेखत तो डॉक्टरांना म्हणाला, "मास्तर भी आयेगा?"

डॉक्टर हसले. बोट लहान आहे, जागा मोजून आहे, म्हणाले. ते काही वाईट बोलले नाहीत. पण ज्याला धड बाराखडी येत नाही असा शेरडांचा दलाल माझ्यासाठी रदबदली करतो आणि मला नकार मिळतो, हे भर बाजारात घडलं. माझं जळणं सुरू झालं ते त्या दिवशी, त्या वाक्यापासून.

डिसेंबरात युद्ध लागलं. नगरहून रणगाडे गेले, खिडक्यांना काळे कागद लागले. लोक रेडिओभोवती बसून बातम्या ऐकत होते आणि मीही ऐकत होतो, पण मला ऐकायचं होतं ते वेगळंच. आता कसली बोट जातेय, असं मनाशी म्हणायचो. देश संकटात आणि मी एका माणसाचा प्रवास रद्द व्हायची वाट बघतोय, याची लाज तेव्हा वाटली नाही. दोन आठवड्यांत युद्ध संपलं. सगळ्या गावाने पेढे खाल्ले, मीही खाल्ला.

फेब्रुवारीत रंभाजी निघाला. एस.टी.पाशी अर्धा गाव जमला होता. त्याची बायको साळूबाई हिने भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. खांद्यावर दावं होतंच. निघताना तो माझ्या पाया पडला. मी "सांभाळून जा" म्हणालो आणि बस वळायच्या आत घरी आलो.

होळी झाली, पाडवा झाला, आणि तो परत आला. काळा ठिक्कर पडलेला, तळपाय भेगाळलेले. त्याच्या अंगणात रोज माणसं जमू लागली. मी तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो तो मागे, भिंतीला टेकून उभा राहिलो.

रंभाजीला गोष्ट रंगवून सांगता येत नव्हती. तो जे पाहिलं तेवढंच सांगायचा, आणि लोक त्यावर लट्टू होते. "चार दिस नुसतं पानी. मंग सकाळच्याला डोंगर दिसला. काळा. खाली वाळू बी काळी, कोळशाच्या भुग्यावानी. वर चढाया लागलं का पायाखाली तवा तापल्यावानी लागतंय. डोंगराला भेगा हायेत, त्यातनं वाफ येती. त्या वाफंचा रंग पिवळट, वास कुजक्या अंड्यावानी." मग पाखरांचं सांगायचा. पांढरीशुभ्र कबुतरं, पंखाची टोकं तेवढी शाईत बुडवल्यासारखी, एका झाडावर दोनदोनशे. माणूस कधी पाहिलेलाच नाही, म्हणून हात लांब केला तरी उडत नाहीत. झाडाला उलटी लोंबणारी वटवाघळं, कोल्ह्याच्या तोंडाची. वाळूतून रांगत समुद्राकडे जाणारी परातीएवढी कासवं.

एकोणीस वर्षं मी हे बेट खडूने काढत होतो आणि तो त्यावर पाय भाजून आला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात ज्वालामुखी काढला तर पोरं म्हणाली, "गुरुजी, धूर पांढरा नसतो. पिवळट असतो." मी फडकं घेऊन सगळा डोंगरच पुसून टाकला.

लोकांना सगळ्यात नवल वाटायचं ते शेळ्यांचं. रंभाजी सांगायचा, तिथे गोडं पाणी नावालाही नाही. ओहोटी लागली की काळ्या दगडांच्या फटीतून खारट झरा दिसतो, शेळ्या त्याच्यावर येतात. कधी झराही नसला तर थेट समुद्राला तोंड लावतात. "म्या डोळ्यानं बगितलं. पिऊन वर चराया जात्यात." आणि मग तो दावं दाखवायचा. त्याच दाव्याने त्याने तिथली एक पाट, म्हणजे तरणी शेळी, धरली होती. डॉक्टरांनी ती बरोबर नेली तेव्हा याने रीतीप्रमाणे तिच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं, आणि सगळ्या शिकलेल्या लोकांना तिला बांधायला बोटीवर दुसरी दोरी शोधावी लागली. त्या दाव्याच्या पिळात काळी वाळू अडकली होती. बायका ते हातात घेऊन बघायच्या. मी हात लावला नाही.

त्यानंतर दर दोन-चार दिवसांनी तो शाळेच्या फाटकाशी यायचा. "गुरुजी, पुन्याचं काय पत्र आलं का? डाक्टर तुमच्या नावानं धाडतो म्हनला व्हता."

"नाही आलं," मी म्हणायचो. जुलैपर्यंत ते खरं होतं.

जुलैत पत्र आलं. निळं अंतर्देशीय पत्र, माझ्या नावाचं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी वऱ्हांड्यात उभ्याउभ्याच ते उघडलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, तुमचा रंभाजी नसता तर आम्ही रिकाम्या हाताने परतलो असतो. शेळ्या खारं पाणी पितात हे आम्हा शिकलेल्यांच्या आधी त्याने पाहिलं. आवाज झाला की कळप पळायचा, म्हणून त्याने आम्हाला रुमालाखालची बोटं शिकवली. दगडाआड बसून तो माझा हात दाबून सांगायचा, इतक्या माद्या, इतके नर, इतकी करडं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत असा डोळस माणूस मी पाहिला नाही. गावाला हे जरूर सांगा.

मला पुढे वाचवेना. मी ते घडीवर घडी करून मिटलं आणि माझ्या ॲटलासमध्ये सारलं. अंदमानच्याच पानात, का ते मला माहीत नाही. संध्याकाळी रंभाजी फाटकाशी आला. "पत्र आलं का, गुरुजी?"

"नाही आलं."

पंधरा ऑगस्ट आला. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून समारंभ मोठा होता. उत्तमरावांनी रंभाजीला बोलायला बोलावलं. तो धुवट धोतर नेसून आला, झेंड्याखाली उभा राहिला आणि पोरांना त्याने ते सगळं सांगितलं, कबुतरं, कासवं, वाफ. पोरं इतकी गप्प माझ्या तासाला कधी बसली नव्हती. तो शेळ्यांवर आला आणि मी उभा राहिलो.

"रंभाजी, त्या बेटाचे अक्षांश किती?"

"ते मला न्हाई ठावं, गुरुजी."

"समुद्राच्या एक शेर पाण्यात मीठ किती असतं?"

"न्हाई ठावं."

"मग मी सांगतो. एवढं असतं की पिणारा तहानेनेच मरतो. हे पुस्तकात आहे, सातवीच्या. पोरांनो, परीक्षेत काय लिहायचं? पुस्तकातलं की बाजारातलं?"

पोरं हसली. मागे उभे असलेले गावकरीही हसले. रंभाजी माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. मी आणखी काही बोलेन, याची तो वाट बघत होता असं मला वाटलं. मग तो म्हणाला, "गुरुजी म्हनतात तर तसं आसंल. पर म्या बगितलं हुतं." आणि खाली बसला.

पत्र तेव्हा ॲटलासमध्ये होतं आणि ॲटलास माझ्यापासून वीस पावलांवर, कपाटात. हे मी विसरलो नव्हतो.

गावाने त्याचं नाव 'खारट रंभाजी' पाडलं. नाव घोडेगावच्या बाजारापर्यंत पोचायला एक आठवडा पुरला. श्रीमंत नावाचा एक जुना दलाल होता, त्याचं रंभाजीशी पहिल्यापासून वाकडं. गिऱ्हाईक रंभाजीकडे वळलं की तो म्हणायचा, "त्याची शेळी समुद्र पिती म्हनं. गाभन हाय का न्हाई ते दुसऱ्याला इचारा." लोक हसायचे आणि दुसऱ्याला विचारायचे. वीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर सौदे झाले तो माणूस लिंबाखाली दावं घेऊन नुसता बसलेला दिसू लागला. मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम तिकडून चक्कर मारायचो. सुरुवातीला ते बघून बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू?

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली. दिवाळीपर्यंत रंभाजी फाटकाशी येऊन विचारत होता, "पत्र आलं का?" आणि मी "नाही" म्हणत होतो. दिवाळीनंतर त्याने यायचं बंद केलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

आमच्या ओढ्याकाठी एक मचूळ पाण्याची विहीर आहे. तेवढीच आटली नव्हती, पण ते पाणी तोंडात धरवत नाही, आणि जनावराला पाजलं तर हगवण लागते असा समज. लोक शेळ्या घेऊन बाजाराला निघाले तेव्हा रंभाजी वाटेत उभा राहून सांगायचा, "इकू नगा. मचूळ पानी थोडं थोडं सवयीनं पाजा, शेरडू तगतंय. म्या बेटावर बगितलंय." बेटाचं नाव काढलं की लोक हसून पुढे जायचे. कसायाच्या हाती शेळ्या देऊन रिकामी दावी घेऊन परत यायचे.

आमच्या घरी एक शेळी होती. भागिरथीने मला न विचारता ती रंभाजीच्या शेरडांबरोबर त्या विहिरीवर न्यायला सुरुवात केली. पहिले दिवस अर्धं गोडं, अर्धं मचूळ. मग नुसतं मचूळ. मे महिना आला. गावात शेळ्या उरल्या त्या रंभाजीच्या आणि आमची. एका सकाळी भागिरथीने माझ्यापुढे चहा ठेवला. दूध घातलेला.

"हे त्या खाऱ्या पाण्याचं," ती म्हणाली. "रंभाजीभावजी खोटं बोलले नव्हते. तुमाला ठावं हुतं का?"

मी चहा प्यालो. कप उचलून नेताना ती ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघून गेली, त्या तऱ्हेने तिने त्याआधी कधी बघितलं नव्हतं. शाळेला सुट्टी होती. मी किल्ली घेऊन गेलो, कपाट उघडलं, ॲटलास काढला. निदान त्या माणसाचं खरं होतं एवढं तरी गावाला सांगून टाकावं, असं मनात आलं होतं.

पत्र पूर्ण उघडलं तेव्हा दिसलं की कडेच्या घडीवरही मजकूर आहे. ती घडी मी जुलैत उलगडलीच नव्हती.

बाजाराच्या दिवशी मी लिंबाखाली गेलो. रंभाजी बसलेला होता, श्रीमंत पलीकडे चार माणसांत बोलत होता. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पुण्याचं पत्र आहे. रंभाजीबद्दल आहे. मी वाचतो." माणसं गोळा झाली. मी इंग्रजीतून एकेक ओळ मराठी करून वाचली. खारं पाणी आधी त्याने पाहिलं. असा डोळस माणूस मी पाहिला नाही. रुमालाखालच्या बोटांचं आलं तेव्हा दलाल एकमेकांकडे बघून मान हलवू लागले. श्रीमंतने पागोटं सारखं केलं आणि म्हणाला, "म्हंजी खरं व्हतं म्हनायचं."

मी पत्र मिटू लागलो. घरून निघताना ठरवलंच होतं, एवढंच वाचायचं. त्याचा शब्द त्याला परत मिळाला, बास.

"येवढंच हाय का, गुरुजी?" रंभाजीने विचारलं. "आनखी काय न्हाई लिव्हलं? डाक्टर तर लिव्हतो म्हनला व्हता."

'नाही' म्हणणं सोपं होतं. तिथे इंग्रजी कुणाला येत होतं? पण तो पंधरा ऑगस्टला बघत होता तसाच बघत होता, वाट बघत, आणि मला ते दुसऱ्यांदा सहन झालं नाही. मी कडेची घडी उलगडली आणि वाचली.

"येत्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी बोट मोठी आहे. परतताना बोटीवर रंभाजीने माझा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला आणि दोन बोटं दाबली. मी एक दाबलं. तो दोनच दाबत राहिला. म्हणाला, आमच्या गुरुजींना हा डोंगर सगळा पाठ आहे, त्यांनी तो बघायलाच पाहिजे. येऊ तर दोघं, नाहीतर कुणीच नाही. मास्टरजी, मी सौदा हरलो. तुमची जागा राखून ठेवली आहे. दिवाळीपर्यंत कळवा."

पलीकडे एक शेळी खोकली.

"कवा आलंय हे पत्र?" रंभाजीने विचारलं.

"गेल्या जुलैत."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "म्या दिवाळीपतोर वाट बगितली. मला वाटलं, डाक्टर शब्दाचा पक्का न्हाई. त्याला मनात लई शिव्या दिल्या." त्याने पटका काढून तोंड पुसलं. मला तो काहीच बोलला नाही. त्याने मला चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर मी त्या ऐकून घेतल्या असत्या, घरी जाऊन जेवलो असतो. त्याने खांद्यावरचं दावं काढलं, गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. बेटावरलं काईतरी तुमाला मिळाया पायजे."

श्रीमंत पुढे आला. "रंभा, दावं देतोस?"

"शेरडू कुठं इकलंय," रंभाजी म्हणाला. "नुसतं दावंच देतोय."

त्यानंतर मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाचं उत्तर आलं. बोट फेब्रुवारीत जाऊन आली होती आणि डॉक्टरांची बदली झाली होती. पुढे कुणी विचारायला आलं नाही. रंभाजी पुन्हा लिंबाखाली उभा राहून सौदे करू लागला, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याकडे वळलं. मला भेटला की 'गुरुजी'च म्हणतो. पूर्वी मला ते आवडायचं.

दावं वर्गात नकाशाच्या खिळ्याला टांगलं आहे. ज्वालामुखीचा धडा आला की मी धुराला थोडा पिवळा खडू लावतो आणि पोरांना सांगतो की हे रंभाजीने पाहिलं आहे, मी नाही. पोरं पिळातली काळी वाळू नखाने काढून बघतात. मी रागवत नाही.

हेवा गेला का, असं भागिरथीने एकदा विचारलं. मी म्हणालो, नाही, वाढलाय. पूर्वी मला त्याच्या बेटाचा हेवा वाटायचा. ते एक वेळ कुणालाही दिसू शकतं, बोटीत जागा मिळाली की झालं. आता हेवा वाटतो तो भर बाजारात त्याने खांद्यावरचं दावं काढून दिलं त्याचा. मला एक निळं पत्र देता आलं नव्हतं, आणि त्यात माझंच नाव होतं.